स्वतःचे तिकीट नसलेले संस्थान

पोस्टाची तिकिटे जमवणे हा मुलांचा छंद, अशी समजूत आपल्या घरांतून पुष्कळ वर्षे नांदत आली आहे. परीक्षा जवळ आली की आल्बम कपाटावर जायचा, कॉलेजात पाऊल पडले की तो धाकट्या भावंडाच्या हवाली व्हायचा आणि पुढे नोकरी-संसाराच्या गर्दीत त्याचे नावही निघायचे नाही, हा बहुतेकांचा क्रम. आम्ही व आमचे पाच-सहा स्नेही मात्र पन्नाशी ओलांडूनही या नादातून सुटलो नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो. मंडळाला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. नियम मात्र दोन आहेत. नवे काही हाती लागले असेल तर ते बैठकीत दाखवलेच पाहिजे आणि ते कोठून मिळाले हेही सांगितले पाहिजे. तिसरा एक अलिखित नियम यजमानीणबाईंनी घालून दिला आहे: चिमटे व भिंगे पेटीत परत गेल्याशिवाय चिवड्याची बशी बाहेर येत नाही. तेलकट बोटांनी एका शतकापूर्वीच्या कागदाचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या नियमाची कठोरता समजेल.

बाहेरगावचा कोणी पाहुणा बैठकीस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बडोदे संस्थानची तिकिटे तर तुमच्याकडे भरपूर असतील?" त्याला आम्ही सांगतो की एकही नाही, आणि ती कोणाकडेच असणार नाहीत. पाहुण्याला वाटते, आम्ही विनयाने बोलतो आहोत.

वस्तुस्थिती अशी आहे. बडोदे हे हैदराबाद, म्हैसूर, काश्मीर व ग्वाल्हेर यांच्या पंक्तीला बसणारे, एकवीस तोफांच्या सलामीचे संस्थान. त्याचे स्वतःचे नाणे होते, डभोईकडे धावणारी स्वतःची रेल्वे होती, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा स्वतःचा कायदा होता. पण टपालासाठी स्वतःचे तिकीट बडोद्याने कधी काढलेच नाही. येथील पत्रांवर इंग्रज सरकारचेच तिकीट लागे व त्यावर मुखवटा लंडनच्या राणीचा किंवा राजाचा असे. उलट भोर पाहा. सह्याद्रीच्या कुशीतले पंत सचिवांचे ते लहानसे संस्थान. पण त्याने १८७९ मध्ये अर्ध्या आण्याचे व एक आण्याचे तिकीट हातशिक्क्याने उठवले आणि १९०१ मध्ये पंत सचिव शंकरराव यांचे चित्र असलेले अर्ध्या आण्याचे तिकीट छापले. होळकरांच्या इंदूरने १८८६ मध्ये तुकोजीराव दुसरे यांच्या चित्राचे तिकीट काढले. पवारांच्या धारचे तिकीट १८९७ चे. शिंद्यांच्या ग्वाल्हेरने १८८५ पासून इंग्रजी तिकिटांवरच संस्थानाचे नाव इंग्रजी व नागरी अक्षरांत छापून घेतले. पुढे त्यांतल्या काही तिकिटांवर इंग्रजी नावातले शेवटून दुसरे अक्षर 'ओ'च्या ऐवजी 'सी' पडले आहे. छपाईतला तो प्रमाद ज्याच्या हाती लागतो, तो निदान महिनाभर इतरांशी जरा ताठ मानेने बोलतो.

गुजरातेतही हेच दृश्य. जुनागढच्या सोरठ तिकिटांचा आरंभ १८६४ चा. नवानगर १८७७ चे, बडोद्याच्या शेजारचे राजपिपळा १८८० चे, वढवाण १८८८ चे. मोरवी, ईडर व जसदण विसाव्या शतकात या पंक्तीत आले. आमच्या मंडळातील एक गुजराती स्नेही, मंगळबाजारात त्यांची कापडाची पेढी आहे, ही काठेवाडी तिकिटे जिवापाड जपतात. एका बैठकीत ते आम्हां मराठी मंडळींना म्हणाले, "साहेब, आमच्या राजपिपळ्याने तिकीट काढले, आणि तुमच्या गायकवाड सरकारला ते जमले नाही!" यावर आमचे एक निवृत्त रेल्वेवाले सभासद ताडकन म्हणाले, "शेठ, ज्यांच्यासाठी एकवीस तोफा सुटतात त्यांना आपले नाव अर्ध्या आण्याच्या कागदावर छापावे लागत नाही." उत्तर टाळी घेणारे होते, टाळी मिळालीही, पण इतिहास म्हणून ते टिकत नाही, कारण ग्वाल्हेरलाही एकवीसच तोफा होत्या.

याचा अर्थ बडोद्याच्या नावाचा चिकटवण्याजोगा कागदच नव्हता असा मात्र नाही. संस्थानाची कोर्ट-फीची व महसुली तिकिटे निघत, मुद्रांकित कागद निघत. जुन्या खरेदीखतांवर, फारखतींवर, कज्जेदलालीच्या दप्तरांत ती अजून सापडतात. टपालतिकिटांचे अभिमानी लोक या वर्गाकडे जरा नाक मुरडूनच पाहतात. आम्हांस ते पटत नाही. ज्या गावाने पत्राला तिकीट दिले नाही, त्याने भांडणाला दिले, यात त्या गावच्या लोकस्वभावाचा काही अंश असेलच की!

तिकीट नसलेल्या गावचा संग्राहक मग काय जमवतो? आमच्या एका प्राध्यापक स्नेह्यांनी या प्रश्नाचे मोठे देखणे उत्तर शोधले आहे. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने ज्या व्यक्तींवर तिकिटे काढली, त्यांतून ज्यांचे पाऊल बडोद्यात पडले होते तेवढ्यांचीच त्यांनी एक वही केली. प्रथम पान अर्थातच १९८९ च्या सयाजीराव महाराजांच्या तिकिटाचे. पुढे मल्हाररावांच्या कारकिर्दीत १८७४ मध्ये येथे दिवाण असलेले दादाभाई नौरोजी (तिकीट १९६३ चे) आणि दिवाणपदावर असतानाच १९०९ मध्ये येथे देह ठेवलेले रमेशचंद्र दत्त (१९७३). मग १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे बडोद्याच्या नोकरीत काढलेले अरविंद घोष (१९६४). १९१६ साली महाराजांच्या आश्रयाने येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवणारे पंडित भातखंडे (१९६१). कलाभवनात शिकून गेलेले दादासाहेब फाळके (१९७१). ज्यांची चित्रे राजवाड्याने मागवली ते राजा रविवर्मा (तेही १९७१). येथेच लहानाचे मोठे झालेले विनोबा (१९८३). शेवटी १९९४ ची, आपल्या संग्रहालयावरची दोन तिकिटांची जोडी.

या वहीतील एका पानापाशी आम्ही प्रत्येक वेळी थांबतो. त्यावर १९६६ चे डॉ. आंबेडकरांचे तिकीट आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. कराराप्रमाणे नोकरी करण्यासाठी १९१७ मध्ये या शहरात आले, तेव्हा त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही आणि थोड्याच दिवसांत त्यांना शहर सोडावे लागले. इतर पानांवर प्राध्यापकमहाशयांनी सुवाच्य अक्षरांत चार-चार ओळी लिहिल्या आहेत. या पानावर तिकिटाखाली फक्त दोन साले आहेत: १९१३ आणि १९१७.

अशा वहीची आम्ही मनापासून तारीफ करतो. परंतु खरे सांगायचे तर ती नव्याने लावणे कठीण नाही. पुस्तके चाळावी, तिकिटांची सूची पाहावी, विक्रेत्याला यादी द्यावी, वर्षा-दोन वर्षांत दुसरी वही तयार. ज्याची दुसरी प्रत जगात नाही असा संग्रह आपल्या घरांतच पडून आहे आणि त्याची गोष्ट सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

तिकीट हे पत्राच्या प्रवासाचे भाडे. ते भाडे कोठे, केव्हा भरले आणि प्रवास कोठे, केव्हा संपला, हे तिकीट सांगत नाही. टपालाचा शिक्का सांगतो. जुन्या काळी पाकिटाच्या दर्शनी बाजूस निघाल्या गावचा शिक्का पडे आणि पोचल्या गावचा शिक्का बहुधा पाठीमागे. दोन्ही तारखा वाचल्या की पुण्याहून बडोद्यास पत्र किती दिवसांत आले याचा हिशेब मिळतो. पत्त्यावरून घराणे, पेठ, हुद्दा समजतो. तिकिटाच्या दरावरून काळ ओळखता येतो: पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी निघाले तेव्हा ते पाव आण्यास मिळे, आणि तो पाव आणा १९२२ पर्यंत टिकला. आता तिकीट पाकिटावरून सोडवले, की शिक्क्याचा चंद्रकोरीएवढा तुकडा तिकिटावर राहतो, उरलेला पाकिटावर; आणि दोन्ही मुके होतात. तरीही तीन पिढ्यांच्या मुलांना आपण पहिला धडा दिला तो पाण्याच्या बशीचा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेत मधल्या सुटीत तिकीटप्रेमी मुलांचा एक छोटा वर्ग भरतो. आठवीतला एक मुलगा एके दिवशी खिशातून कागदाची पुडी काढून आमच्यापुढे उभा राहिला. पुडीत पंचम जॉर्जची, अर्ध्या आण्याची हिरवी तिकिटे होती, मोजून चाळीस. नीट भिजवून, वहीच्या पानांत दाबून वाळवलेली. बाजारात अशा तिकिटांना फारसे मोल नाही; ती लाखोंनी छापली गेली.

"अरे, ही मिळाली कोठे?"

"आजीच्या ट्रंकेत, सर. आमचा दांडियाबाजारातला वाडा पाडायचाय, तर ट्रंका काढल्या."

"आणि पाकिटे?"

"ती रद्दीत गेली, सर. तिकिटं तेवढी काढून घेतली मी."

"सगळीच गेली?"

"कार्डं आहेत. त्यांच्यावरचं तिकीट भिजवून निघत नाही, छापलेलंच आहे. आज कापणार होतो."

दुसऱ्या दिवशी तो कार्डांचा जुडगा घेऊन आला. वीस-बावीस कार्डे असतील. मुलगा मोठा नेटका. कापताना चूक होऊ नये म्हणून त्याने प्रत्येक कार्डावर राजाच्या मुखवट्याभोवती पट्टीने पेन्सिलीचा चौकोन आखून ठेवला होता. मजकूर मोडीत. त्याच्या घरात तो वाचणारे कोणी उरले नव्हते. आमचे मोडीचे ज्ञानही परीक्षेपुरतेच होते, तेव्हा ती कार्डे आजींच्या संमतीने रविवारच्या बैठकीत गेली. दप्तरखान्यात हयात घालवलेले आमचे एक वृद्ध सभासद मोडी वर्तमानपत्रासारखी वाचतात. हळदीकुंकवाची बोलावणी, आंब्याच्या पेटीची पोच, कोणाच्या तरी मुंजीचा मुहूर्त, असे वाचन चालले होते. सातव्या की आठव्या कार्डावर ते थांबले. चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे मोठ्याने वाचण्यासारखे नाही."

कार्डावर पुण्याचा शिक्का २६ ऑक्टोबर १९१८ चा होता, बडोद्याचा २८ ऑक्टोबरचा. त्या महिन्यात इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई इलाख्यात हाहाकार उडवला होता. लिहिणाऱ्याने चार ओळींत कळवले होते की अमुक यांना तीन दिवस ताप आला व आश्विन वद्य पंचमीस पहाटे ते गेले. क्रिया येथेच उरकली. गाड्यांना गर्दी व आजार फार, कोणी निघू नये.

वाईट बातमीचे कार्ड आपल्याकडे घरात ठेवीत नाहीत. वाचले की फाडायचे, मग स्नान. हे एक का राहिले, हे आता कोण सांगणार? कदाचित फाडायला हात झाला नसेल.

आम्ही ते कार्ड घेऊन आजींकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढचे, कान मंद, पण स्मरण खणखणीत. गेलेले गृहस्थ म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचे थोरले बंधू. पुण्यास नोकरीला होते, मोठ्या तापात गेले, एवढेच घरात ठाऊक होते. तिथी कोणालाच माहीत नव्हती. म्हणून त्यांचे श्राद्ध पिढ्यान्‌पिढ्या सर्वपित्री अमावास्येला होत आले होते, ज्यांची तिथी हरवली त्या सगळ्यांबरोबर. आजींनी मुलाकडून ते कार्ड दोनदा वाचवून घेतले. म्हणजे वृद्ध सभासदांनी बालबोधीत उतरवून दिलेला मजकूर वाचवून घेतला. मग म्हणाल्या, "शंभर वर्षं थोरल्या मामंजींना अमावास्येच्या पंगतीत बसवलं. आता पंचमीला त्यांचं पान वेगळं मांडू."

त्या वर्षीच्या पितृपक्षात ते पान मांडले गेले. कार्ड आम्ही मागितले नाही. ते आजींच्या पोथीच्या बस्त्यात आहे, पेन्सिलीच्या चौकोनासकट. त्या चाळीस पाकिटांत काय होते हे मात्र आता कधीच कळणार नाही. मुलाला आम्ही रागावलो नाही. त्याने जे शिकवले गेले तेच केले होते. त्याने आपण होऊन ती चाळीस तिकिटे वहीच्या एका पानावर ओळीने लावली आहेत आणि वर 'दांडियाबाजार' एवढेच लिहिले आहे.

बडोद्यात जुने वाडे दर महिन्यास कोठे ना कोठे उतरत आहेत. ट्रंका निघतात, कापडी बस्ते निघतात, आणि सदनिकेत जागा नाही म्हणून त्यांची वाट रद्दीवाल्याच्या तराजूकडे लागते. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, तंजावर येथील मराठी घरांची कथा याहून वेगळी नसावी. ज्यांच्या घरी असा ऐवज असेल त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. पाकीट उघडे असो वा फाटके, ते अखंड राहू द्यावे. चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत ती कागदावर पिवळा डाग सोडते आणि तो जात नाही. पारदर्शक आवरणात कायमचे बंद करून घेण्याची जी नवी टूम निघाली आहे तिच्यापासून दूर राहावे. हातशिक्क्याच्या जुन्या संस्थानी तिकिटांना पाणी दाखवणे धोक्याचे, शाई उतरते. पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवावे, आश्विनातल्या कोरड्या हवेत सावलीत वारा द्यावा. आणि मोडी वाचणारे कोणी ओळखीचे असेल तर ते आहेत तोवर त्यांच्यापुढे न्यावे.

नव्या तिकिटांशी आमचे वैर नाही, हेही सांगितले पाहिजे. मुलांना २००६ चे चंदनाच्या वासाचे तिकीट हुंगायला आवडते, आणि २०११ चे खादीच्या कापडावर छापलेले गांधीजींचे तिकीट बोटांनी चाचपून पाहिल्यावाचून एकही मूल पुढे सरकत नाही. नाशिकच्या सरकारी छापखान्याने गेल्या शतकात किती सुरेख काम केले, हेही त्यांना आम्ही भिंगातून दाखवतो. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याने २०१७ मध्ये दीनदयाळ स्पर्श ही योजना सुरू केली. तिकिटांच्या छंदासाठी वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती. आमच्या सहशिक्षकांपैकी पुष्कळांना ती ठाऊकच नव्हती. पण रोजच्या टपालातून तिकीट हटत चालले आहे, हे डोळ्यांआड करता येत नाही. तार २०१३ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. टपाल कचेरीतून येणाऱ्या पाकिटावर आज बहुधा काळ्या रेघांची चिठ्ठी असते. म्हणून आम्ही सभासद एकमेकांना आवर्जून पत्रे लिहितो, खिडकीवर तिकिटेच मागतो आणि शिक्का स्वच्छ उमटवा अशी विनंती करतो. खिडकीवरचा तरुण कारकून पहिल्या वेळी चकित होतो; तिसऱ्या वेळेपासून तोच शाईची गादी नीट भिजवून घेतो.

आता आमच्या सध्याच्या शोधाविषयी. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १ मे १९६० रोजी त्या प्रांताचे दोन भाग झाले, आणि गायकवाडांच्या राजधानीतली मराठी घरे त्या दिवसापासून महाराष्ट्राबाहेरची ठरली. या दोन तारखांचा बडोद्याचा शिक्का असलेले पाकीट किंवा कार्ड आम्हांस हवे आहे. पंचांग पाहिले तेव्हा उलगडा झाला की ते इतकी वर्षे का मिळत नाही: दोन्ही दिवस रविवार होते. टपाल कचेऱ्यांची कामे त्या दिवशी बहुतांशी बंद. पण रेल्वेच्या टपालसेवेला रविवार नसतो, असे आमचे रेल्वेवाले सभासद सांगतात. स्टेशनावरच्या पेटीत कोणी त्या दिवशी पत्र टाकले असेल तर त्यावर शिक्का पडलाच असेल. गेल्या पावसाळ्यात कापडवाल्या शेठजींना त्यांच्या पेढीच्या जुन्या फायलीत ३० एप्रिल १९४९ चे एक पाकीट मिळाले. दिवाळीनंतर प्राध्यापकमहाशयांना २ मे १९४९ चे कार्ड मिळाले, त्यात केवळ तुपाच्या डब्याविषयी मजकूर आहे. दोन्ही एकाच पानावर लावली आहेत, मध्ये एका कार्डाएवढी जागा सोडून.